ढाक्यातून परतलेले, जाफन्यात अडकलेले

७ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एक ठराव मताला आला. लढाई ताबडतोब थांबवा आणि भारत व पाकिस्तानच्या सैन्यांनी आपापल्या हद्दीत परत जावे, अशी त्याची मागणी होती. बाजूने १०४ देश, विरोधात ११. त्या अकरांत आपण स्वतः, भूतान आणि बाकी सगळे सोव्हिएत रशिया व त्याच्या गोटातले देश. अलिप्ततावादी चळवळीतल्या कितीतरी जुन्या सोबत्यांनीही त्या दिवशी आपल्या विरोधात हात वर केला. नऊ दिवसांनी ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवर पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरांसमोर शरणागतीच्या कागदावर सही केली. पुढे पावणेतीन वर्षांनी, सप्टेंबर १९७४ मध्ये, त्याच आमसभेने बांगलादेशाला सदस्य करून घेतले.

बलाढ्य देशाने शेजारच्या आगीत उडी घ्यावी की दार लावून घरात बसावे, हा वाद आपण सहसा अमेरिकेचा म्हणून वाचतो. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या निवेदनात परक्या देशांशी कायमचे राजकीय पाश जोडू नका, असे बजावले होते. तेव्हापासून तो वाद तिथे चालू आहे आणि २००३ च्या इराक युद्धानंतर त्याला पुन्हा धार आली. पण दक्षिण आशियात बलाढ्य देश म्हणजे आपण. ढाका, जाफना, माले इथल्या लोकांना हा प्रश्न भारताकडे पाहून पडतो. अशा आगीत आपण दोनदा मोठे सैन्य सीमेपार पाठवले, १९७१ आणि १९८७ मध्ये. पहिल्या वेळी जाणे योग्य होते, दुसऱ्या वेळी नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि यातला फरक रणांगणावर ठरला नाही, सैनिक निघण्याच्या कितीतरी आधी ठरला.

डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगने जिंकल्या. संपूर्ण पाकिस्तानच्या संसदेत लीगचे नेते मुजीबूर रहमान यांना स्पष्ट बहुमत मिळाले होते. लष्करशहा याह्या खान यांनी संसद भरवण्याचे टाळले आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात विद्यापीठाची वसतिगृहे, पोलिसांची वस्ती आणि जुन्या शहरातले हिंदू मोहल्ले यांवर सैन्य सोडले. माणसे सीमेकडे पळत सुटली. ३१ मार्चला भारतीय संसदेने पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव एकमताने केला. सैन्य मात्र निघाले नाही. सेनाप्रमुख माणेकशॉ पुढे अनेकदा सांगत, की एप्रिलमध्येच मोहीम काढण्याची विचारणा झाली तेव्हा त्यांनी नकार दिला: पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या समुद्रासारख्या पसरतात आणि हिमालयातल्या खिंडी मोकळ्या असतील तर चीनकडेही पाहावे लागते. ही हकिगत रंगवून सांगितली गेली, असे काही इतिहासकारांना वाटते. निर्णय थांबण्याचा झाला, एवढे निश्चित.

हे थांबणे फुकटचे नव्हते. डिसेंबरपर्यंत जवळपास एक कोटी माणसे भारतात आली. त्रिपुरात तर निर्वासितांचा आकडा राज्याच्या स्वतःच्या लोकसंख्येला भिडू लागला. छावण्यांत कॉलरा पसरला, लहान मुले पटापट दगावली. सीमेपलीकडे कत्तल चालूच होती. आपण मे महिन्यात गेलो असतो तर वाचली असती अशी माणसे त्या पावसाळ्यात मेली, हे मान्य केल्याशिवाय १९७१ बद्दल अभिमानाने बोलण्याचा हक्क आपल्याला नाही. खर्चाचा भार अर्थमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या खात्यावर आला. नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. परराष्ट्र धोरणाचा वाटा गावच्या टपालपेटीपर्यंत पोहोचला होता.

पण त्या आठ महिन्यांत जे काम झाले, त्यानेच पुढची लढाई तेरा दिवसांत संपली. १७ एप्रिलला मेहेरपूरच्या आंबराईत बांगलादेशाच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला, ताजुद्दीन अहमद पंतप्रधान झाले आणि त्यांचा कारभार कोलकात्यातून चालू लागला. म्हणजे ज्यांच्यासाठी जायचे, ते निवडून आलेले लोक स्वतःच्या नावाने बोलत होते. मुक्तिबाहिनीचे हजारो तरुण तयार झाले. ते आपल्या गावासाठी लढत होते आणि वाटा, नाले, पूल त्यांना पाठ होते. जयप्रकाश नारायण जगातल्या राजधान्यांत जाऊन बाजू मांडून आले. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधी ब्रसेल्स, व्हिएन्ना, लंडन, वॉशिंग्टन, पॅरिस आणि बॉन फिरल्या. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत सीमेवर चकमकी सुरू झाल्या होत्याच. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ला चढवला आणि युद्ध उघड झाले. जमालपूर घेताना मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, आघाडीवर होती. त्या लढाईचे नाव तिच्या मानचिन्हांत आहे.

आता याच काळात ‘आम्ही दुसऱ्याच्या घरात पडत नाही’ असे म्हणणाऱ्यांकडे पाहू. निक्सन प्रशासनाची जाहीर भूमिका अशी होती, की हा पाकिस्तानचा अंतर्गत मामला आहे. ढाक्यातले अमेरिकी महावाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ एप्रिलला वॉशिंग्टनला तार पाठवून त्या मौनाचा लेखी निषेध केला. ब्लड यांची बदली झाली. जूनमध्ये अमेरिकी वृत्तपत्रांतून उघड झाले, की ‘पद्मा’ आणि ‘सुंदरबन्स’ ही पाकिस्तानी जहाजे अमेरिकी बंदरांतून लष्करी सामान घेऊन निघाली आहेत. निक्सन यांचे सल्लागार किसिंजर यांना चीनशी बोलणी जमवायची होती आणि तो रस्ता इस्लामाबादहून जात होता. डिसेंबरात ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे वळवण्यात आली. ज्याच्या बंदुका दुसऱ्याच्या हातात आहेत, त्याला ‘मी बाजूला आहे’ असे म्हणता येत नाही. शस्त्रे विकणाऱ्या, कर्ज देणाऱ्या, आमसभेत मते फिरवू शकणाऱ्या देशाला अलिप्ततेचे दार मुळात नसतेच, आणि हा मुद्दा आपल्यालाही पुढे भोवणार होता.

भारताचा हेतू निव्वळ करुणेचा होता, असे मी म्हणत नाही. पाकिस्तानचे दोन तुकडे होणे दिल्लीला हवे होते. पण तो स्वार्थ लपलेला नव्हता आणि त्याला शेवट होता: निर्वासितांनी घरी परतावे आणि निवडून आलेल्यांच्या हाती सत्ता जावी. या दोन्ही गोष्टी झाल्या की नाही हे मोजता येत होते. जानेवारीत मुजीब तुरुंगातून सुटून ढाक्याला परतले. फेब्रुवारीत कोलकात्यात त्यांनी इंदिरा गांधींकडे सैन्य मागे घेण्याचा विषय काढला आणि १२ मार्च १९७२ ला ढाक्याच्या मैदानावर भारतीय सैन्याचे निरोपाचे संचलन झाले. शरणागतीनंतर तीन महिनेही पूर्ण झाले नव्हते. बहुतेक निर्वासितही तोवर परतले होते. सगळे स्वच्छ झाले असे नाही. उर्दू बोलणाऱ्या बिहारी मुसलमानांवर सूड उगवला गेला आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या ढाक्याच्या छावण्यांत वाढल्या. ऑगस्ट १९७५ मध्ये मुजीब यांची कुटुंबासह हत्या झाली तेव्हा भारताने सैन्य पाठवले नाही. तेही बरोबरच होते. देश त्यांचा झाला होता.

आता श्रीलंका. १९८७ चा निर्णय चुकला असे म्हणताना बहुतेक जण २९ जुलैच्या भारत-श्रीलंका करारापासून सुरुवात करतात. माझ्या मते ती चार वर्षे आधी करायला हवी. जुलै १९८३ मध्ये जाफन्यात ‘तमिळ वाघ’ या बंडखोर संघटनेने १३ सैनिक मारले आणि कोलंबोत तमिळांची घरे-दुकाने जाळण्यात आली, माणसे जिवंत जाळली गेली. लाखभर तमिळ निर्वासित पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून तमिळनाडूत आले. इथवर १९७१ शी साम्य दिसते. पुढे वाट वेगळी झाली. भारताने उघडपणे मध्यस्थाची भूमिका घेतली आणि त्याच वेळी आपल्या गुप्तचर यंत्रणेने अनेक तमिळ गटांना शस्त्रे व प्रशिक्षण दिले. संसदेत त्यावर ठराव नव्हता, जगाला सांगण्यासारखी भूमिका नव्हती. ज्यांना तयार केले ते गट एकमेकांचे शत्रू होते. १९८६ पर्यंत वाघांचा म्होरक्या प्रभाकरनने त्यातल्या प्रतिस्पर्ध्यांचा काटा काढायला सुरुवात केलेली होती. १९७१ मध्ये आपण उघड एका संघाकडून खेळलो. १९८७ मध्ये एका संघाला चार वर्षे गुपचूप खाऊपिऊ घालून मग पंचाचा कोट घालून मैदानात उतरलो.

मे-जून १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने वडमराच्चीचा भाग घेतला, जाफन्याची कोंडी झाली. भारताने मदत घेऊन पाठवलेल्या बोटी श्रीलंकेच्या नौदलाने परत फिरवल्या. दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, मिराज विमानांच्या संरक्षणात एएन-३२ विमानांतून जाफन्यावर धान्य टाकण्यात आले. राष्ट्राध्यक्ष जयवर्धने नमले आणि करार झाला. प्रांतिक परिषदा, तमिळ भाषेला दर्जा, उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते एकत्र: कागदावर तो वाईट नव्हता. पण सही दोन सरकारांची होती. बहात्तर तासांत शस्त्रे टाकायची होती त्या वाघांची नव्हती. पंतप्रधान प्रेमदासा करारावर इतके नाराज होते, की ते समारंभालाच आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना राजीव गांधींवर श्रीलंकेच्याच नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला. सिंहली आणि तमिळ, दोन्ही समाजांना हा करार नको होता आणि त्याच्या अंमलबजावणीची हमी भारतीय सैन्याने घेतली होती.

दहा आठवड्यांत ही भारतीय शांतिसेना लढाईत ओढली गेली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी २९ ठार झाले. वाघांनी बिनतारी संदेश पकडले होते आणि ते वाट पाहत होते. त्याच महिन्यात जाफना रुग्णालयात शिरलेल्या भारतीय जवानांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठाहून अधिक माणसे मारली गेल्याची नोंद आहे. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्यावर झालेला हा गोळीबार जाफना अजून विसरलेले नाही आणि आपल्या पुस्तकांत त्याला ओळसुद्धा मिळत नाही. मुंबईत जन्मलेले आणि तिथेच शिकलेले महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला गोळी लागूनही लढत राहिले आणि तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. शौर्य दोन्ही वेळी सारखेच होते. १९८७ मध्ये सैनिकाला काय साधायचे आहे, कधी साधले म्हणायचे आणि कधी परतायचे, हे दिल्लीत कोणी ठरवलेच नव्हते.

शेवटी चार डिव्हिजन तिथे होत्या. दक्षिणेत भारतविरोधाच्या लाटेवर जनता विमुक्ती पेरमुना या सिंहली डाव्या संघटनेचे बंड पेटले. राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी १ जून १९८९ ला शांतिसेनेने दोन महिन्यांत निघून जावे, असे जाहीर सांगितले आणि तिच्याविरुद्ध लढणाऱ्या वाघांना शस्त्रेही पुरवली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे १,२०० जवान परतले नाहीत. मद्रास बंदरातल्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. वर्षभराने, २१ मे १९९१ ला, श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. करारातून आलेली तेरावी घटनादुरुस्ती श्रीलंकेत अजून कायम आहे, पण उत्तर प्रांताच्या परिषदेची निवडणूक पहिल्यांदा झाली ती २०१३ मध्ये.

मालदीवचा दाखला छोटा, पण उपयोगी. नोव्हेंबर १९८८ मध्ये भाडोत्री बंडखोर मालेत उतरले, राष्ट्राध्यक्ष गय्यूम यांनी मदत मागितली आणि आग्र्याहून निघालेले छत्रीधारी सैनिक त्याच रात्री हुलहुले विमानतळावर पोहोचले. काम नेमके होते, ते उरकले आणि बहुतेक सैनिक लवकरच परतले. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष यामीन यांनी आणीबाणी लादली तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष नशीद यांनी भारताने सैन्य पाठवावे, अशी विनंती केली. भारत थांबला. सप्टेंबरमध्ये मालदीवच्या मतदारांनीच यामीन यांना घरी बसवले. आणि २०२३ ची निवडणूक मुइझ्झू यांनी जिंकली ती भारतीय जवानांनी जावे, या मागणीवर. ते जवान शंभरही नव्हते, हेलिकॉप्टर आणि एक विमान चालवायला होते. मे २०२४ मध्ये त्यांच्या जागी बिनलष्करी तंत्रज्ञ आले. परक्या गणवेशाबद्दल लहान देशाला काय वाटते, हे दिल्लीने आणि आपण सर्वांनी नीट ऐकायला हवे.

म्हणून मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. १९७१ मध्ये सैन्याच्या आधी संसदेचा ठराव होता, पण ती त्या सरकारची इच्छा होती, सक्ती नव्हती. परदेशात सैन्य पाठवण्याआधी संसदेची संमती घ्यावी, अशी अट आपल्या राज्यघटनेत नाही. परक्या गटांना गुपचूप शस्त्रे देण्याचा हिशेब तर कोणत्याच सभागृहापुढे येत नाही, आणि १९८३ ची चूक नेमकी तिथे झाली. कोणाच्या मागणीवरून जायचे, काय झाले म्हणजे काम संपले आणि परत कधी यायचे, एवढ्या तीन गोष्टी सरकारने सैनिक निघण्याआधी सभागृहात सांगाव्यात असा कायदा व्हायला हवा. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये हात पोळल्यावर १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्षाला साठ दिवसांची मुदत घालणारा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष त्यातून वाटा काढतात, तरी निदान त्यांना जाब विचारायला हातात एक कागद असतो. आपल्या खासदारांकडे आज तोही नाही.