दैनंदिन छायाचित्रण आणि सर्जनशील उपक्रम : चंद्रपूर–गडचिरोली वनजिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या संदर्भात

गोषवारा : भ्रमणध्वनीतील कॅमेरा आज बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या हाती आहे, मात्र निरीक्षणाचे साधन म्हणून त्याचा उपयोग क्वचितच होतो. एकाच जागेचे वर्षभर नियमित छायाचित्रण आणि त्याला टिपणांची जोड, या साध्या उपक्रमातून परिसराविषयीची जिज्ञासा कशी टिकून राहते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रस्तावना

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा उल्लेख होताच वाचकांच्या मनात दोन-तीन ठरावीक चित्रे उभी राहतात : ताडोब्याचा वाघ, औष्णिक वीज केंद्राची धुराडी आणि नक्षलवादी हिंसाचाराच्या बातम्या. ही चित्रे असत्य नाहीत. परंतु ती बहुधा चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांनी टिपलेली आहेत. येथे जन्मलेला विद्यार्थीही आपल्या जिल्ह्याकडे हळूहळू त्याच नजरेने पाहू लागतो. वाघ दिसला नाही की जंगलात पाहण्यासारखे काही नाही आणि बातमी झाली नाही की गावात सांगण्यासारखे काही नाही, अशी त्याची धारणा होते. ही धारणा अध्यापकांनी गांभीर्याने घ्यावी अशी आहे, कारण जेथे पाहण्यासारखे काही नाही असे वाटते तेथे प्रश्न पडत नाहीत, आणि प्रश्नांवाचून अध्ययन होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००० च्या दशकात पदवी स्तरावर लागू केलेल्या पर्यावरण अभ्यासाच्या अनिवार्य अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याचे स्वतंत्र घटक होते. स्थानिक नदी, वन, डोंगर यांची नोंद करणे तसेच परिसरातील सामान्य वनस्पती, कीटक व पक्षी यांचा अभ्यास करणे त्यात अपेक्षित होते. हेतू उत्तम होता; पण अनेक ठिकाणी प्रकल्पवही म्हणजे इतरत्रून उतरवलेला मजकूर आणि चिकटवलेली चित्रे, एवढाच तिचा अर्थ उरला. क्षेत्रकार्याचे महत्त्व आजही मानले जाते. ते जिवंत कसे करावे, हा खरा प्रश्न आहे.

प्रेरणा आणि पुनरावृत्ती

प्रेरणा ही अवचित येणारी गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज असतो. छायाचित्रणाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील जेरिको या गावचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे छायाचित्र घेतले आणि १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले. त्यासाठी त्याला दूर जावे लागले नाही. आपल्या गावात दर हिवाळ्यात पडणारे हिमच त्याला पुरले. जर्मन गणितज्ञ सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर याने १८८८ च्या सुमारास आल्प्स पर्वतातील हिमनद्यांची ठरावीक जागांवरून छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. त्याच जागेवरून काही वर्षांनी पुन्हा छायाचित्र घेतले की बदल मोजता येतो, हे त्यामागील तत्त्व होय. पुढे भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि हवामानशास्त्र यांत ही पुनर्छायाचित्रणाची पद्धत रूढ झाली.

याच तत्त्वाचे उदाहरण आपल्या दाराशी आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्याला अंधारी अभयारण्याची जोड मिळून १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. तेथील वाघांचे गणन आज प्रामुख्याने स्वयंचलित कॅमेऱ्यांवर आधारित आहे. जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बसवले जातात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरील पट्टे सारखे नसतात, आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टेही एकसारखे नसतात. ही छायाचित्रे कलादृष्ट्या सामान्य असतात. त्यांचे मूल्य ठरावीक जागा, नोंदलेली वेळ आणि सातत्य यांत असते. पर्यटकाच्या एका देखण्या छायाचित्रापेक्षा असे साधे छायाचित्र अभ्यासकाला अधिक काही सांगते.

मराठीतही या वृत्तीची परंपरा आहे. जून २०२५ मध्ये दिवंगत झालेले वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांध, मेळघाट आदी ठिकाणच्या सेवाकाळात पशुपक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या आणि वनवासी लोकांकडून स्थानिक नावे जाणून घेतली. काकागार, सारंगागार यांसारखे शब्द मराठीला त्यांच्यामुळे मिळाले. रोजच्या नोंदींतून भाषासुद्धा समृद्ध होते, हे यावरून दिसून येते.

कॅमेरा स्मरणास पोषक की मारक?

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सतत छायाचित्रे काढणारा मनुष्य प्रत्यक्ष पाहतच नाही, असे म्हटले जाते. या आक्षेपाला काही आधार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात घेतलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, वस्तूंचे छायाचित्र काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर भिंग नेऊन तो जवळून टिपला असता स्मरणात अशी घट आढळली नाही. यावरून असे म्हणता येईल की, कॅमेऱ्याचा परिणाम त्यामागील अवधानावर अवलंबून आहे. म्हणूनच उपक्रमात छायाचित्रांची संख्या कमी ठेवावी आणि प्रत्येकासोबत टिपण अनिवार्य करावे.

वनजिल्ह्यांचे वर्ष

या दोन जिल्ह्यांत विषयांची वाण नाही. गडचिरोलीच्या भौगोलिक क्षेत्राचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. येथील पानझडी वनाचे रूप महिन्यागणिक पालटते. फाल्गुनात पळस फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्री व पहाटे गळतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे टोपल्या घेऊन ती वेचतात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत वणव्यांना कारण ठरते; काही ठिकाणी त्याऐवजी झाडाखाली जाळी बांधली जाते. गावातील एकाच मोहाच्या झाडाखालची जमीन वर्षभर टिपली, तर अर्थव्यवस्था, वणवा आणि वननीती हे तिन्ही विषय त्या छायाचित्रांत सापडतील.

उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची तोडणी होते. पुडे बांधले जातात व फळीवर सुकवले जातात. पावसाळ्यात धानाच्या बांधीत पऱ्हे आणि रोवणीची कामे सुरू होतात. माजी मालगुजारी म्हणजेच ‘मामा’ तलावांची पाणपातळी, काठावरील वनस्पती व हिवाळी पाहुणे पक्षी हा आणखी एक बारमाही विषय होय. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया आणि झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम येतो. वडसा (देसाईगंज) येथील नाट्यमंडळे रात्रभर चालणारे प्रयोग घेऊन फिरतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रयोगाचे छायाचित्र सर्वजण काढतात. दुपारी उभा राहणारा मंडप, रंगभूषेचा आरसा, पहाटे आवरले जाणारे सामान यांचे कोणी काढत नाही.

चंद्रपूर शहरात गोंडकालीन परकोट आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांतून रोज हजारो लोक ये-जा करतात. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी या परकोटाच्या स्वच्छतेचे काम हाती घेतले व ते कित्येक महिने नेटाने चालवले. रोज थोडे काम, तेही एकाच जागी, या पद्धतीने दुर्लक्षित वास्तू पुन्हा लोकांच्या नजरेत आली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागेही गावकऱ्यांच्या अभ्यासगटांची दीर्घ परंपरा होती. आपल्या परिसराचा नियमित अभ्यास लोकांना काय मिळवून देऊ शकतो, हे या गावाने दाखवले आहे.

उपक्रमाची कार्यपद्धती

उपक्रमासाठी स्वतंत्र निधीची आवश्यकता नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने घर, शेत, तलाव किंवा महाविद्यालयाचा परिसर यांतून नित्य जाण्यायेण्याची एक जागा निवडावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी व वेळी, एकच छायाचित्र घ्यावे. उभे राहण्याची जागा मैलाचा दगड, ओटा किंवा खांब यांच्या खुणेने पक्की करावी आणि दृश्य कृत्रिमरीत्या जवळ ओढू नये. तरच तुलना शक्य होते. उन्हाळ्यातील दुपारचा प्रकाश तीव्र असल्याने सावल्या काळ्याकुट्ट येतात. सकाळ-सायंकाळचा तिरपा प्रकाश पृष्ठभागाचा पोत दाखवतो, तर पावसाळी ढगांखालचा मंद प्रकाश पाने व चेहऱ्यांसाठी अनुकूल असतो.

छायाचित्रासोबत तीन ओळींचे टिपण असावे. पहिल्या ओळीत दिनांक, वेळ व जागा. दुसरीत दिसलेल्या गोष्टींची स्थानिक नावे, शक्य तेथे झाडीबोली, गोंडी वा माडिया भाषेतील. तिसरीत मागील आठवड्यापासून झालेला बदल आणि त्यातून पडलेला एक प्रश्न. हा प्रश्नच उपक्रमाचे खरे फलित होय. सत्राअखेरीस निवडक बारा छायाचित्रांचे प्रदर्शन महाविद्यालयाऐवजी गावात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात भरवावे. वृद्ध मंडळी तेथे नावे दुरुस्त करतील व आठवणी सांगतील. त्या नोंदवून घ्याव्यात. वनस्पतिशास्त्र, इतिहास, मराठी आणि अर्थशास्त्र या विभागांच्या अध्यापकांना एकाच संग्रहावर एकत्र काम करण्याची संधी यातून मिळते. अध्यापकांनीही स्वतःची एक जागा निवडावी. वर्षानुवर्षे तोच पाठ शिकवताना येणारा शीण अशा नोंदींनी हलका होऊ शकतो.

मर्यादा आणि नीती

या जिल्ह्यांत मानव–वन्यजीव संघर्ष तीव्र आहे. मोह, तेंदू वा सरपणासाठी जंगलात गेलेल्यांचे वाघाच्या हल्ल्यांत बळी गेले आहेत. म्हणून उपक्रमासाठी कोणीही एकट्याने, पहाटे किंवा तिन्हीसांजेला जंगलात जाऊ नये, हा नियम निरपवाद असावा. गावाच्या वस्तीतील व वर्दळीच्या जागाच पुरेशा आहेत. भ्रमणध्वनी छायाचित्रासोबत स्थाननोंद साठवतो. पक्ष्यांची घरटी किंवा वन्यप्राण्यांचे वास्तव्य यांची छायाचित्रे प्रसारित करताना ती काढून टाकावी, अन्यथा शिकाऱ्याला पत्ता मिळतो.

माणसांच्या छायाचित्रांबाबत अधिक दक्षता हवी. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात शेजारच्या आदिलाबादमधील राजगोंडांची काढलेली छायाचित्रे आज लंडनमध्ये जतन केलेली आहेत. ती मोलाची आहेतच. पण ज्यांची ती छायाचित्रे, त्यांच्या वंशजांपर्यंत ती पोचणेही तितकेच महत्त्वाचे आहे. आपल्या उपक्रमात आधी संमती घ्यावी, नकाराचा आदर करावा आणि छायाचित्राची प्रत त्या व्यक्तीला द्यावी. संग्रहाची एक प्रत गावातच राहावी.

समारोप

सर्जनशीलता ही मोजक्यांची देणगी आहे की सवयीचे फळ, या वादात न शिरताही एवढे निश्चित म्हणता येते की नियमित पाहण्याची सवय लावता येते. त्यासाठी वाघ दिसण्याची वाट पाहावी लागत नाही. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले, ते याच दोन जिल्ह्यांच्या परिसरासाठी. त्याच्या संलग्न महाविद्यालयांपैकी काहींनी जरी वर्षाला पन्नास जागांच्या अशा नोंदी ठेवल्या, तरी दहा वर्षांत पाचशे जागांचा संग्रह उभा राहील. खाणी, रस्ते, वनहक्क आणि हवामान यांमुळे झपाट्याने बदलणाऱ्या या भूभागाचा तो दस्तऐवज ठरेल आणि तो येथील मुलामुलींनी तयार केलेला असेल. या कामाचा आरंभ येत्या सत्रात, एका वर्गापासून, एका झाडापासून करता येण्याजोगा आहे.