दोन चमचे साखर आणि पाच अश्वशक्ती

तालुक्याच्या गावी सकाळी क्रीडांगणावर दृष्टी टाकली, तर फेऱ्या मारणाऱ्यांत निवृत्त शिक्षक, कचेरीतील कारकून आणि डॉक्टरांनी दम भरलेले एखाददुसरे दुकानदार हटकून आढळतात. अर्धा तास चालून झाले, की ही मंडळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात विसावतात आणि दोन चमचे साखरेचा चहा मागवितात.

एका चमच्यात सुमारे पाच ग्रॅम साखर मावते व ग्रॅमला चार कॅलरी पडतात. असे पाच कप दिवसभरात रिचविले, की पन्नास ग्रॅम साखर आणि दोनशे कॅलरी जमा झाल्या. अर्धा तास चालण्याने ही जमा फिटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची इष्ट मर्यादा दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास सांगितली. आठवड्याला किमान दीडशे मिनिटांच्या व्यायामाचा आग्रहही तिचाच. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. खुर्चीत बसून नोकरी करणाऱ्या वर्गाला हे आकडे परके वाटू नयेत.

शरीर आपला हिशेब चुकवीत नाही. न वापरलेली ऊर्जा ते पोटावर, सर्वांना दिसेल अशी, साठवून ठेवते. सरकारी ऊर्जेचे तसे नाही. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० कॅलरी. दोन हजार कॅलरींवर दिवस काढणारा माणूस अडीच युनिटांहूनही कमी ऊर्जेत चालतो, बोलतो, वर्ग शिकवितो. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप तासाभरात चार युनिटांच्या आसपास वीज खातो. त्याने ती खाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. विहिरीचे पाणी मंत्राने वर येत नाही. प्रश्न आहे तो त्या विजेचे पुढे काय होते, हा.

महाराष्ट्रात सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात पंपाच्या अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू झाली. पंप एक तास चालो वा आठ तास, बिल तेवढेच. २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर मोफत विजेची घोषणा झाली व पुढील वर्षी ती मागे घेण्यात आली. २०२४ साली ती पुन्हा अवतरली : साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे पंप, सुमारे ४४ लाख शेतकरी, मुदत मार्च २०२९ पर्यंत आणि वर्षाचा अंदाजित भार १४,७६० कोटी रुपये. हा भार सरकारी तिजोरीतून, म्हणजे करदात्यांच्याच खिशातून, उचलला जावयाचा आहे.

एवढी रक्कम राबणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात पडती, तर तक्रारीस जागा नव्हती. परंतु मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत, जमिनीतल्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकविणाऱ्या आणि विहीर नसलेल्या शेतकऱ्याला या अनुदानातील छदामही मिळत नाही. ज्याचा पंप मोठा, विहीर खोल आणि पीक उसाचे, त्याला सर्वांत अधिक मिळते. लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस राज्यातील सिंचनाच्या पाण्याचा सुमारे सत्तर टक्के वाटा घेतो, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने नमूद केले होते. उलट ज्वारीखाली १९८० च्या सुमारास साठ लाख हेक्टरांहून अधिक जमीन होती. आज ती एक तृतीयांशाहूनही कमी उरली आहे. मधुमेह्याला डॉक्टर भाकरी खा म्हणून सांगतात आणि शासन साखरेच्या पाण्याची वीज भरते, असा हा व्यवहार आहे.

यातले वाया किती जाते, हे सांगणे अवघड करून ठेवले आहे. तीन फेजांची वीज पाळीपाळीने, पुष्कळदा रात्री येते. काळोखात साप-विंचवाच्या वाटेने बांधावर जाण्यापेक्षा शेतकरी पंपाला स्वयंचलित स्टार्टर जोडतो. वीज आली की पंप आपोआप चालू, मग वाफा भरून ओसंडो की पाट फुटो. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावयाचा? दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना निघाली, ही योग्य दिशा खरी. पण ती गावोगाव पोहोचण्याआधीच फुकटाची सवय पोहोचली. असंख्य पंपांना चालू मीटर नाहीत. त्यामुळे गळती आणि चोरी यांचा काही भाग शेतकऱ्याच्या नावे लिहिण्याची सोय होते. वीज नियामक आयोगाच्या पुढाकाराने झालेल्या तपासणीत कृषी वापर दाखविलेल्या आकड्याहून कमी निघाला व २०२० च्या दरनिश्चितीत आयोगाने तो आकडा खाली आणला.

न पोहोचलेल्या विजेचेही अनुदान मागितले जात असेल, तर त्याचा जाब विधिमंडळात विचारला गेला पाहिजे. अनुदान पंपाऐवजी थेट शेतकऱ्याच्या खात्यावर द्यावे, वाचविलेल्या युनिटाचे पैसे त्याच्याकडेच राहू द्यावेत आणि ज्वारी-बाजरी लावणाऱ्या कोरडवाहूलाही त्यात वाटा असावा, ही मागणी अवाजवी नाही. तोवर निदान प्रत्येक फीडरवरचे मीटर वाचून महिन्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. त्याला खडूखेरीज काही लागत नाही.