अंगणातील जुने झाड

बारडोलीच्या काळ्या जमिनीवर जुन्या घरांपुढे एखादा आंबा उभा असतो. तो म्हातारा झाला, खोड पोकळ दिसू लागले, की पावसाळ्याआधी प्रश्न निघतो: ठेवावा की तोडावा?

पोकळ झाड मेलेलेच असते असे नव्हे. झाडाचा जीव सालीलगतच्या थरात असतो. आतला गाभा मुख्यतः आधार देतो. कोलकात्याजवळ शिवपूरच्या वनस्पती-उद्यानातील महावटाचे मूळ खोड बुरशीने सडले आणि १९२५ साली काढून टाकावे लागले. तरी तो वड पारंब्यांवर आजही उभा आहे. आंब्याला मात्र पारंब्या नाहीत. त्याचा सारा भार एका खोडावर व मुळांवर. म्हणून परीक्षा तेथेच करावी.

उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतातच. त्यांना भिऊ नये. परंतु झाड नव्याने कलले असेल आणि कलाच्या उलट बाजूची माती उचलली गेली असेल, तर मुळे सुटू लागली आहेत. बुंध्याशी अळंबीसारखी बुरशी उगवली असेल, तर आत कूज असण्याचा संभव मोठा. नुसती फांदी वाळली असेल, तर फांदीच उतरवावी.

शेवटी पाहावयाचे ते हे, की झाड पडलेच तर कोणावर? खाली मोकळे अंगण असेल, तर थांबता येईल. पण मूळ सुटलेले आणि खाली लेकरांची खाट किंवा शेजाऱ्याचे छप्पर असेल, तर जाणकारास दाखवून, रीतसर परवानगी घेऊन ते उतरवावे. सावलीचे ऋण मोठे खरे. माणसाचा जीव त्याहून मोठा.

निर्णय काहीही होवो, नवे रोप मात्र यंदाच लावावे. सावली धरण्यास त्याला वर्षे लागतात.