लहान मोटारगाडी

लहान मोटारगाडी म्हणजे कमी लांबीची, कमी क्षमतेच्या इंजिनाची आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला परवडेल अशा किमतीची चारचाकी प्रवासी गाडी होय. बोलीभाषेत तिला 'छोटी गाडी' असे म्हणतात. भारतातील असंख्य कुटुंबांनी दुचाकीनंतर घेतलेले पहिले चारचाकी वाहन हीच गाडी असल्यामुळे तिला यांत्रिक महत्त्वाइतकेच सामाजिक महत्त्वही आहे. कमी किंमत, कमी इंधनखर्च आणि अरुंद रस्त्यांवरील सोय हे तिचे मुख्य गुण, तर अपघातातील संरक्षण, जागा आणि शक्ती यांची कमतरता या तिच्या मुख्य मर्यादा मानल्या जातात.

व्याख्या

लहान गाडीची जगभर एकच व्याख्या नाही. जपानमध्ये 'केई' या नावाने ओळखला जाणारा स्वतंत्र वर्ग असून त्यातील गाडीची लांबी ३.४ मीटरपर्यंत आणि इंजिनाची क्षमता ६६० घनसेंटीमीटरपर्यंत (सीसी) मर्यादित असते. भारतात ही व्याख्या करप्रणालीतून रूढ झाली. इ.स. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. त्यासाठी लांबी ४ मीटरपेक्षा अधिक नसावी आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसी, डिझेलचे असल्यास १५०० सीसी यांहून मोठे नसावे, अशी अट होती. या सवलतीमुळे अनेक उत्पादकांनी आपल्या गाड्यांची लांबी ४ मीटरच्या आत बसवली. म्हणूनच करासाठी 'लहान' ठरणारी प्रत्येक गाडी स्वस्त असतेच असे नाही.

इतिहास

सामान्य माणसाला परवडणारी गाडी ही कल्पना अमेरिकेत १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'पासून रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात सित्रोएन २ सीव्ही (१९४८), फियाट ५०० (१९५७) आणि मिनी (१९५९) या गाड्या लोकप्रिय झाल्या. मिनीच्या रचनेत इंजिन आडवे बसवून पुढच्या चाकांना गती दिलेली होती. त्यामुळे गाडीच्या लांबीचा बराच भाग प्रवाशांसाठी मोकळा राहिला. पुढे बहुतेक लहान गाड्यांनी हीच रचना स्वीकारली.

मीरा

महाराष्ट्रातील या दिशेचा एक उल्लेखनीय प्रयत्न कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे झाला. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनी भारतीय कुटुंबासाठी लहान गाडी तयार करण्याचा ध्यास घेतला आणि १९४९ साली पहिला दोन आसनी नमुना बनवला. त्यानंतर सुमारे दोन दशके त्यांनी त्यात सुधारणा करून पुढील नमुने तयार केले. 'मीरा' या नावाने ही गाडी ओळखली जाते. तिचे इंजिन मागील बाजूस होते आणि तिची अपेक्षित किंमत सुमारे १२,००० रुपये होती. मात्र तिचे व्यापारी उत्पादन कधीच सुरू होऊ शकले नाही. उद्योग (विकास व विनियमन) अधिनियम, १९५१ नुसार त्या काळी मोटार उत्पादनासाठी केंद्र सरकारचा परवाना आवश्यक होता. शिवाय एक चालता नमुना बनवणे आणि तशा हजारो गाड्या ठरलेल्या किमतीत बनवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी साचे, यंत्रसामग्री, सुटे भाग पुरवणारे कारखाने आणि मोठे भांडवल लागते.

मारुती ८००

स्वातंत्र्यानंतरची तीन दशके भारतीय बाजारात प्रामुख्याने ॲम्बॅसडर, फियाट (पुढे प्रीमियर पद्मिनी) आणि स्टँडर्ड याच गाड्या मिळत. गाडी नोंदवल्यावर ती हाती येण्यास अनेक वर्षे लागत. सरकारी पातळीवर लहान गाडीचा विचार १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू होता. परंतु त्याला फळ आले ते मारुती उद्योग या सरकारी कंपनीने जपानच्या सुझुकी कंपनीशी १९८२ मध्ये करार केल्यानंतर. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला मारुती ८०० ची किल्ली देण्यात आली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन असलेली ही गाडी सुमारे तीन दशके उत्पादनात राहिली. २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

टाटा नॅनो

दुचाकीवरून पावसात जाणारे चौघांचे कुटुंब पाहून नॅनोची कल्पना सुचल्याचे रतन टाटा यांनी सांगितले होते. पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा असलेली ही गाडी १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात सादर झाली आणि मूळ किंमत १ लाख रुपये जाहीर झाल्याने जगभर गाजली. ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन मागे बसवलेले होते. किंमत कमी ठेवण्यासाठी प्रारंभीच्या नमुन्यात डिकीचे दार बाहेरून उघडत नसे, चाके तीन बोल्टची होती आणि एकच वायपर होता. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथील भूसंपादनाच्या वादामुळे प्रकल्प गुजरातमधील साणंद येथे हलवावा लागला. गाड्यांना आग लागल्याच्या काही घटनांमुळे विश्वासाला धक्का बसला. 'सर्वांत स्वस्त गाडी' अशी ओळखही विक्रीला बाधक ठरली, असे टाटा यांनी पुढे मान्य केले. ग्राहकाला परवडणारी गाडी हवी असते, परंतु ती आपल्या गरिबीची खूण ठरू नये असेही त्याला वाटते, हा धडा नॅनोच्या निमित्ताने उद्योगाला मिळाला.

लोकप्रियतेची कारणे

आर्थिक: गाडीचा खर्च केवळ खरेदीचा नसतो. महाराष्ट्रात मोटार वाहन कर गाडीच्या किमतीच्या टक्केवारीने आकारला जातो. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो आणि १००० सीसीपर्यंतच्या गाड्यांना तो सर्वांत कमी असतो. टायर, बॅटरी आणि सुटे भागही स्वस्त पडतात. वजन कमी असल्याने त्याच अंतरासाठी इंधन कमी लागते.

वापरातील सोय: जुन्या शहरांची रचना मोटारींसाठी झालेली नाही. कोल्हापुरातील महाद्वार रोड, गुजरी किंवा पेठांमधील गल्ल्यांत गाडी वळवणे आणि उभी करणे लहान गाडीला अधिक सुलभ जाते. नवशिक्या चालकालाही तिचा अंदाज लवकर येतो.

दुरुस्ती: वर्षानुवर्षे बाजारात असलेल्या गाडीची दुरुस्ती तालुक्याच्या गावातील गॅरेजमध्येही होते. त्यामुळे जुन्या गाडीलाही चांगली किंमत येते.

सामाजिक: वृद्धांना दवाखान्यात नेणे, पावसाळ्यात मुलांची ने-आण करणे, गावाकडचे कार्य उरकून रात्री परतणे या गरजा दुचाकीने नीट भागत नाहीत. लहान गाडीने अशा कुटुंबांना प्रवासाचे स्वातंत्र्य दिले.

मर्यादा

शक्ती: कोल्हापूरहून कोकणात उतरताना आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट लागतो. पाच माणसे, सामान आणि चालू वातानुकूलन यंत्र यांचा भार घेऊन परतीची चढण चढताना लहान इंजिन दमते. वारंवार खालचा गिअर टाकावा लागतो आणि पुढील वाहनाला ओलांडण्यास अधिक अंतर लागते.

जागा: मागील आसनावर तीन प्रौढ व्यक्ती सुखाने बसू शकत नाहीत. सीएनजीची टाकी बसवल्यास डिकीतील बरीचशी जागा तिनेच व्यापली जाते.

पूर आणि खराब रस्ते: जमिनीपासून कमी उंची असलेल्या गाडीच्या इंजिनात साचलेले पाणी लवकर शिरू शकते. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गही पाण्याखाली जाऊन बंद झाला होता. अशा पाण्यातून कोणतीच गाडी नेणे सुरक्षित नसते.

सुरक्षितता

लहान गाडीवरील सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. त्यामागील भौतिकशास्त्र संवेग अक्षय्यतेच्या नियमाने समजते. ८०० किलोग्रॅमची गाडी आणि १,६०० किलोग्रॅमची गाडी समोरासमोर प्रत्येकी ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळून एकमेकींत अडकल्या असे मानू. टक्करीनंतर दोन्ही गाड्या जड गाडीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने सरकतील. म्हणजे जड गाडीच्या वेगात ताशी ३३ किलोमीटरचा, तर हलक्या गाडीच्या वेगात ताशी ६७ किलोमीटरचा बदल होतो. हा बदल क्षणार्धात होत असल्याने हलक्या गाडीतील प्रवाशांना बसणारा धक्का जवळजवळ दुप्पट असतो. लहान गाडीचा पुढील भाग आखूड असल्याने धक्का शोषण्यासाठी अंतरही कमी मिळते.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लहान गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मूळ आवृत्त्यांची टक्कर चाचणी घेतली. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांत मारुती अल्टो ८०० आणि टाटा नॅनो यांचा समावेश होता. त्यानंतर नियम कडक होत गेले. २०१९ मध्ये चालकासाठी एअरबॅग आणि चाके जखडू न देणारी ब्रेक यंत्रणा (एबीएस), तर २०२१ मध्ये पुढील दोन्ही आसनांसाठी एअरबॅग सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही देशी मूल्यांकन पद्धत लागू झाली. याच काळात ४ मीटरहून कमी लांबीच्या टाटा अल्ट्रोझ (२०२०) आणि टाटा पंच (२०२१) या गाड्यांनी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळवले. लहान आकार म्हणजे कमकुवत बांधणी असे समीकरण त्यामुळे टिकत नाही. अर्थात, हे तारे ठरावीक वेगाच्या चाचणीतील असतात. त्यांमुळे जड वाहनाशी होणाऱ्या टक्करीतील वजनाचा तोटा नाहीसा होत नाही.

या वादाला दुसरी बाजूही आहे. स्वस्त गाडीची तुलना महागड्या गाडीशी केली तर ती असुरक्षित दिसते. परंतु तिचा ग्राहक बहुधा दुचाकीवरून येतो. दुचाकीवर तीन-चार जणांनी प्रवास करण्यापेक्षा पट्टा लावून लहान गाडीत बसणे अधिक सुरक्षित आहे. सुरक्षेच्या प्रत्येक साधनाने किंमत वाढते आणि किंमत वाढली की काही कुटुंबे दुचाकीवरच राहतात. उलट, किंमत हे कारण पुढे करून जीवरक्षक साधने केवळ महागड्या आवृत्त्यांतच द्यावीत, हेही समर्थनीय ठरत नाही. मागील आसनावरील पट्टा मात्र गाडीतच असतो आणि तो लावण्यास काहीही खर्च येत नाही.

क्वाड्रिसायकल

छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे तयार होणारी बजाज क्यूट ही दिसायला लहान गाडी असली, तरी कायद्याने मोटारगाडी नसून 'क्वाड्रिसायकल' या वेगळ्या वर्गात मोडते. तिचे इंजिन २१६ सीसीचे असून कमाल वेग ताशी ७० किलोमीटर आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने या वर्गास खाजगी वापराची मुभा दिली.

सद्यस्थिती

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेले बीएस-६ प्रदूषण निकष आणि सुरक्षेचे नियम यांमुळे प्रारंभिक श्रेणीतील गाड्यांच्या किमती वाढल्या. त्याच वेळी ग्राहकांचा कल उंच बांधणीच्या गाड्यांकडे वळला आणि लहान गाड्यांचा बाजारातील वाटा घटला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वरील व्याख्येत बसणाऱ्या लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के व उपकर यांऐवजी १८ टक्के करण्यात आला. विद्युत गाड्यांत इंधनाचा खर्च कमी असला, तरी बॅटरीमुळे खरेदीची किंमत अधिक असते. त्यामुळे दुचाकी सोडू इच्छिणाऱ्या कुटुंबासाठी जुनी, वापरलेली लहान गाडी हाच अनेकदा व्यवहार्य पर्याय ठरतो. अशी गाडी घेताना तिच्यात एअरबॅग आणि एबीएस आहेत की नाहीत, हे उत्पादनाचे वर्ष व आवृत्ती पाहून तपासणे आवश्यक असते.