युरोपातली रानभटकंती आणि तिळाएवढी गोचीड

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. त्यामुळे नोकरीनिमित्त म्युनिक, श्टुटगार्टला राहायला गेलेली मराठी जोडपीही काही महिन्यांतच तिथल्या लोकांसारखी सुट्टीच्या दिवशी रानात जायला शिकतात. शनिवारी सकाळी डब्यात पराठे बांधायचे, लोकल गाडीने श्टार्नबर्ग किंवा टेगर्नझे तलावाच्या काठी उतरायचे, जंगलातल्या पायवाटेने तीन-चार तास चालायचे आणि कुठेतरी गवतात चादर पसरून जेवायचे. मे २०२३ मध्ये जर्मनीने देशभरातल्या साध्या गाड्या, बस आणि ट्रामसाठी एकच मासिक पास सुरू केला. तेव्हापासून हे फिरणे आणखी सोपे झाले आहे. श्टुटगार्टकरांना ब्लॅक फॉरेस्ट जवळ आहे, तर व्हिएन्नातल्या लोकांना शहराला लागून असलेले जंगल.

आठवडाभर संगणकासमोर बसणाऱ्यांसाठी चालणे, ऊन आणि मोकळी हवा याहून चांगले औषध नाही. सह्याद्रीत फिरलेल्यांना तर हे रान फारच सोपे वाटते. फुरसे नाही, घोणस नाही, काटेरी करवंदाची जाळी नाही. या निर्धास्तपणामुळेच गवतातल्या एका लहानशा प्राण्याकडे दुर्लक्ष होते. तो प्राणी म्हणजे गोचीड.

झाडावरून पडत नाही

आपल्याकडे गोचीड म्हटले की गाय, म्हैस किंवा कुत्रा आठवतो. मध्य युरोपातल्या जंगलात आढळणारी ‘इक्झोडिस रिसिनस’ ही गोचीड मात्र माणसालाही सहज चिकटते. ती झाडावरून अंगावर पडते, हा गैरसमज आहे. ती गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसते आणि शेजारून जाणाऱ्या प्राण्याला किंवा माणसाच्या कपड्यांना लटकते. मग मऊ, उबदार जागा शोधत ती वर सरकते. गुडघ्यामागची खोबण, जांघ, काख, कंबरपट्ट्याखालची जागा, मान, केसांची मुळे ही तिची आवडती ठिकाणे.

तापमान साधारण ७ अंशांच्या वर गेले की ती हालचाल करू लागते. म्हणजे मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत तिचा हंगाम असतो. सौम्य हिवाळ्यात त्याहीपेक्षा जास्त. शहरातल्या बागा आणि घरामागची हिरवळही तिला चालते. अंड्यातून निघाल्यावर तिच्या तीन अवस्था असतात आणि माणसाला त्यातली मधली जास्त त्रासाची, कारण तेव्हा ती जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते. तिच्या लाळेत त्वचा बधिर करणारे घटक असल्याने चावल्याचे कळतही नाही.

एक चावा, दोन आजार

या चाव्यातून प्रामुख्याने दोन आजार होऊ शकतात. पहिला लाइम. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या लाइम या गावाच्या परिसरात १९७० च्या दशकात अनेक मुलांचे सांधे सुजू लागले, त्यावरून हे नाव पडले. त्यामागचा जिवाणू स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीच्या पोटात शोधला. १९८२ मध्ये तो जगासमोर आला. चावल्यानंतर तीन ते तीस दिवसांत त्या जागेभोवती हळूहळू पसरत जाणारा लाल चट्टा उठतो. तो बहुधा दुखत नाही. याच वेळी डॉक्टरांकडे गेल्यास प्रतिजैविकांनी आजार बरा होतो. दुर्लक्ष झाल्यास पुढे चेहऱ्याचा एका बाजूचा लकवा, सांध्यांची सूज, मज्जातंतूंचे दुखणे किंवा हृदयाचे ठोके अनियमित होणे असा त्रास होऊ शकतो.

भारतीयांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पुस्तकांत आणि माहितीपत्रकांत दिसणारा लालभडक गोल चट्टा बहुधा गोऱ्या कातडीवरचा असतो. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर तो तपकिरी, जांभळट किंवा नुसता गडद दिसतो. मच्छर चावला असेल किंवा काही खाण्यात आले असेल, असे समजून तो सोडून दिला जातो. चट्ट्याच्या रंगापेक्षा तो दिवसागणिक वाढतो आहे का, हे पाहणे महत्त्वाचे. पेनाने त्याच्या कडेला खूण करून रोज फोटो काढला तर डॉक्टरांनाही मदत होते.

दुसरा आजार विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर. जर्मनीत तो ‘एफएसएमई’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. लागण झालेल्या बऱ्याच जणांना काहीच होत नाही. काहींना आधी फ्लूसारखा ताप येतो, बरे वाटते आणि मग दुसऱ्या टप्प्यात मेंदू, मेंदूवरील आवरण किंवा मज्जारज्जू यांना सूज येते. वय जितके जास्त तितका तो गंभीर होण्याचा धोका अधिक. यावर नेमके औषध नाही, पण लस आहे. दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्यांचा बहुतेक भाग, संपूर्ण ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचा मोठा भाग हे जोखमीचे क्षेत्र मानले जाते. ऑस्ट्रियात एकेकाळी दरवर्षी शेकडो रुग्ण रुग्णालयात दाखल होत. १९८१ पासून तिथे व्यापक लसीकरण झाले आणि हा आकडा झपाट्याने खाली आला.

हा विषाणू आपल्याला अगदीच परका नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात आढळलेला आणि २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात लोकांना ठाऊक झालेला ‘माकडताप’ याच कुळातल्या विषाणूमुळे होतो. तिकडे काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना गोचीड चावते, इकडे सुट्टीत फिरायला गेलेल्यांना.

चालून आल्यावर दहा मिनिटे

घाबरून रानात जाणे सोडण्याची गरज नाही. शंभर चाव्यांमागे लाइमचा आजार होतो तो जेमतेम एखाद्याला. लाइमचा जिवाणू गोचिडीच्या आतड्यात असतो आणि माणसाच्या शरीरात उतरायला त्याला बरेच तास लागतात. म्हणजेच त्याच दिवशी संध्याकाळी गोचीड काढून टाकली तर धोका पुष्कळ कमी होतो. मेंदूज्वराचा विषाणू मात्र तिच्या लाळेतच असल्याने तो लगेच शिरू शकतो. त्यामुळे तिथे भिस्त लशीवरच.

फिरायला जाताना लांब पँट घालून तिचे टोक मोज्यांत खोचावे; फिकट कपड्यांवर गोचीड पटकन दिसते. पायवाटेच्या मधोमध चालावे. घरी आल्यावर नवरा-बायकोने एकमेकांना डोक्यापासून पायापर्यंत नीट तपासावे. पाठ, मानेमागची केसांची रेघ, कानामागची जागा आणि गुडघ्यामागची खोबण स्वतःची स्वतःला दिसत नाही. एकट्याने राहणाऱ्याला आरसा घ्यावा लागतो. जोडप्याचे काम दहा मिनिटांत होते. कपडे ४० अंशांवर धुतल्याने गोचीड मरेलच असे नाही. वाळवणी यंत्राच्या कडक उष्णतेत ती मरते.

गोचीड दिसलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ पकडून, न चिरडता, सरळ आणि सावकाश ओढावी. गुरांच्या गोचिडीवर तेल किंवा रॉकेल लावण्याची सवय इथे उपयोगाची नाही. त्यात वेळ जातो आणि गुदमरलेली गोचीड आणखी लाळ सोडण्याची शक्यता असते. नंतर जागा जंतुनाशकाने पुसावी, तारीख लिहून ठेवावी आणि महिनाभर तिथे लक्ष ठेवावे.

लशीच्या तीन मात्रा असतात. पहिल्या दोन हिवाळ्यात घेतल्या तर वसंतापर्यंत संरक्षण तयार होते; तिसरी काही महिन्यांनी आणि पुढे ठरावीक वर्षांनी एक वर्धक मात्रा. जोखमीच्या भागात राहणाऱ्यांसाठी जर्मनीतील सरकारी आरोग्य विमा हा खर्च देतो. अनेक जण मात्र नेहमीच्या डॉक्टरांना विचारतच नाहीत.

उन्हाळ्यात मुलांकडे दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांचाही विचार व्हायला हवा. पन्नाशी-साठीच्या पुढे मेंदूज्वर जास्त त्रास देतो आणि रोज जवळच्या रानात फेरफटका मारायला वेळ असतो तो त्यांनाच. मुक्काम मोठा असेल तर लशीबद्दल तिथल्या डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. शेतावरच्या चीजची हौस असेल तर न तापवलेल्या दुधाचे, विशेषतः शेळीच्या दुधाचे पदार्थ टाळावेत. क्वचित त्यातूनही हा विषाणू येतो.

चट्टा किंवा ताप यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तोपर्यंत हे कुटुंब पुण्याला किंवा नागपूरला परतलेले असू शकते. इथल्या डॉक्टरांच्या मनात ताप म्हटले की आधी डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड येणार. त्यामुळे युरोपात कधी, कुठल्या भागात राहिलो, रानात फिरलो का आणि गोचीड चावली होती का, हे रुग्णाने न विचारता स्वतःहून सांगायला हवे.