साखळी तुटली तरी लिहा

रोज लिहायचं ठरवलं की पूर्वी लोक नवी वही आणायचे, आता ॲप उतरवून घेतात. या साधनांचा साचा ठरलेला असतो. आज लिहिलं की तारखेवर खूण होते, सलग दिवसांचा आकडा वाढतो, आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर येतो. बस्टर बेन्सन यांच्या ‘७५० वर्ड्‌स’ या सेवेत रोज साधारण तीन पानं लिहायची, तीही इतर कुणाला न दाखवता. यातला सलग दिवसांचा आकडाच लोकांना भुरळ घालतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत कमी कामाचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एखादी साधी गोष्ट रोज एका ठरावीक प्रसंगाला जोडून १२ आठवडे करायला सांगितली होती. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्य निघाला ६६ दिवस. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस हुकल्यानं सवयीचं फारसं बिघडलं नाही. लेखन त्या अभ्यासात नव्हतं आणि ते पाणी पिण्याइतकं सोपं नाही, म्हणजे वेळ जास्तच लागणार. मग एका खाड्यासाठी सगळी कमाई पुसणारं ॲप शिस्त लावत नाही, सोडून द्यायला निमित्त पुरवतं.

साधनाचा खरा उपयोग सुरुवात सोपी करण्यात आहे. नांदगावहून मनमाडला रोज अप-डाऊन करणाऱ्याला पंचवीसेक किलोमीटरचा प्रवास असतो. गर्दीत वही उघडता येत नाही, फोन उघडता येतो. गाडी सुटली की लिहायला लागायचं, एवढं ठरलं तर प्रसंग ठरला. गजराची गरज उरत नाही. पहिल्या पानावरच उघडणारी एक फाईल आणि मराठी कळफलक एवढ्यावर भागतं. बोलून टंकायची सोय गूगलनं २०१७ मध्ये मराठीसाठीही दिली. मात्र ती प्रमाण मराठीची. नांदगाव-मालेगावकडचं अहिराणी वळणाचं बोलणं ती हमखास वाकडं करते, तेव्हा नंतर हात फिरवावा लागतोच. शब्दांचं लक्ष्यही आपल्या भाषेला बेतून घ्यावं. ‘बाजारसमितीतल्यांकडूनसुद्धा’ हा मोजणीयंत्राच्या लेखी एकच शब्द. इंग्रजीत त्यासाठी पाच-सहा शब्द खर्ची पडतील. इंग्रजीवरून उचललेले ७५० मराठीत बरेच जड जातात. दीडशेनं सुरुवात केली तरी लाज वाटायचं कारण नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की खरं लेखन आतून येतं, हजेरी लावून नाही. दाखला तर आपल्याच जिल्ह्यातला आहे: साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. पण त्याआधीची वर्षं विसरून चालत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवत. वाचक समोर, उद्याचा अंक डोक्यावर, साहित्य म्हणून मिरवायचा प्रश्नच नाही. पाच दिवसांत पुस्तक उतरवणारा हात असा रोजच्या सरावातला होता. त्या आईच्या आठवणी सरावानं दिल्या नाहीत, हे खरंच. पण त्या आठवताच लेखणी अडखळली नाही, याचं श्रेय बहुधा सरावालाच द्यावं लागेल. आणि ते दैनिक मुलांसाठी होतं, हेही ध्यानात घेण्याजोगं आहे. एखाद्या मित्राला रोज चार ओळी पाठवायचं ठरवणं हे कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त बांधून ठेवतं.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: ज्या फोनवर लिहायचं, त्याच फोनवर लक्ष उडवणाऱ्या हजार गोष्टी. तेवढ्या वेळापुरतं नेट बंद ठेवावं; साध्या टिपण ॲपला ते लागतही नाही. तरीही मन भरकटत असेल, तर सरळ वहीकडे वळावं, साधन बदलल्यानं सवय बाटत नाही. खासगी रोजनिशी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ नये असं वाटणाऱ्यांनी ती फोनमध्येच कुलपात ठेवावी, पण मग फोन हरवला तर लिहिलेलंही गेलं. म्हणून महिन्यातून एकदा प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवणं बरं.