कोर्टाचं समन्स आलं तर

खुनाच्या गाजलेल्या नानावटी खटल्यात 1959 साली मुंबईच्या ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, पण उच्च न्यायालयाने तो कौल मानला नाही. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. त्यामुळे रिसोड किंवा मानोऱ्याच्या माणसाला कोर्टाचं बोलावणं येतं ते ज्युरीत बसण्यासाठी नव्हे, तर बहुधा साक्षीसाठी.

पोलीस समन्स आणतात आणि दुसऱ्या प्रतीच्या मागे तुमची सही घेतात. सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला, असं मुळीच नाही. तारीख मात्र चुकवू नका. कारण नसताना गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं.

नावाचा पुकारा झाला की साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून शपथ घ्यायची. आधी सरकारी वकिलांची सरतपासणी, मग बचाव पक्षाची उलटतपासणी. खरी कसोटी इथेच. प्रश्न आडवेतिडवे येतात. चिडू नका. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाजाने काही ठोकून देऊ नका. मराठीत बोला. जबाब वाचून दाखवतात, चूक दिसली तर तिथेच सांगा. एक दिवसाची मजुरी बुडणं ही गरिबाला मोठी झळ असते, म्हणून सरकारी खटल्यात साक्षीदार-भत्ता मागायला संकोचू नका.